बोरसर शून्य

"साहेब, याच्यात बोरसर कुठी आहे?"

कांताबाई ताथोड माझ्या अहवालाच्या अकरा प्रती झेरॉक्स करून घेऊन आल्या होत्या. दहा टेबलावर ठेवल्या आणि अकरावी हातातच धरून उभ्या राहिल्या. मे महिना होता, अकोल्याचा मे. सकाळचे दहाच वाजले होते, पण कूलरमधलं पाणी कधीच संपलं होतं आणि मला मान वर करायचंही जिवावर आलं होतं.

"चौथ्या पानावर गावांची यादी आहे," मी म्हणालो. "बाराखडीप्रमाणे बघा."

"पाहिली. बोरसरच्या पुढं शून्य आहे."

"मग शून्य असेल, बाई."

"शून्य नाही, साहेब."

तेवढंच म्हणून त्या थांबल्या. बाईंना वाद घालायची सवय नव्हती. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर त्या सतरा वर्षं बसत होत्या, आणि सतरा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. म्हणून मी मान वर केली. नाहीतर त्या दिवशी मी कुणासाठीही केली नसती, कारण तो अहवाल म्हणजे माझं चार महिन्यांचं रक्त होतं आणि मला तो एकदाचा डोळ्यांआड व्हायला हवा होता.

त्या रुग्णालयाचं नाव मी सांगत नाही. धर्मादाय संस्थेचं आहे, अजूनही चांगलं चालतं. तिथं रुग्णाची नोंद संगणकावर घेण्याची पद्धत मीच नऊ वर्षांपूर्वी बसवून दिली होती, आणि आता विश्वस्तांनी मला दुसऱ्या कामाला बोलावलं होतं. कुणी एका देणगीदारानं डायलिसिसची दहा यंत्रं द्यायचं कबूल केलं होतं. किडनी निकामी झालेल्या माणसाचं रक्त या यंत्रातून गाळून घ्यावं लागतं, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. एकदा चुकलं तर अंगाला सूज येते, दोनदा चुकलं तर माणूस राहत नाही. देणगीदाराची अट एकच होती. जिथं रुग्ण आहेत तिथं यंत्रं बसवा. जागा दोन होत्या. एक या रुग्णालयाचाच दुसरा मजला. दुसरी म्हणजे संस्थेचा सांगवी फाट्यावरचा बंद पडलेला दवाखाना, अकोल्यापासून साठ किलोमीटर, खारपाणपट्ट्याच्या ऐन पोटात, जिथलं खारट पाणी किडनीला बाधतं म्हणतात. रुग्ण कुठं आहेत हे मी आकड्यांनी सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता विश्वस्तांनी ठरवायचं.

मी सांगितलं होतं. पाच वर्षांत डायलिसिसला आलेले दोनशे चाळीस रुग्ण. त्यातले एकशे सत्त्याण्णव अकोला शहरातले. प्रश्नच मिटला होता.

"तुम्हाला कसं माहीत, शून्य नाही?" मी विचारलं.

"येतात नं माझ्या खिडकीवर. आजच्या पहिल्या पाळीतच तीन आहेत. सुखदेव डाबेराव, त्याचा चुलता, आन् एक गवळ्याची बाई."

मी संगणकावर सुखदेव डाबेराव शोधला. रुग्ण क्रमांक, वय त्रेचाळीस, पत्ता : खोली नंबर चार, रुग्णालयामागे, अकोला.

"हा तर इथलाच आहे."

"आता आहे," कांताबाई म्हणाल्या. "किडनीचं निघालं तवा बोरसरचा होता. आठवड्यातून दोनदा साठ-साठ किलोमीटर कोण येईल जाईल? मंग ते मागं खोली घेऊन राहतात. सगळेच राहतात."

"आणि पत्ता?"

"पत्ता मी बदलला."

मी खुर्चीत मागं टेकलो. पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती.

हे कळायला माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. माहिती साठवायच्या दोन तऱ्हा असतात. खिडकीवर रोजचा व्यवहार चालतो, तिथल्या डेटाबेसला फक्त आज कळावं लागतं. रुग्ण कोण, कुठं राहतो, कुठल्या वॉर्डात आहे. एक गोष्ट एकाच जागी लिहायची, दोनदा लिहायची नाही, आणि बदलली की जुनी पुसून नवी लिहायची. शाळेतल्या पाटीसारखं. त्यामुळे खिडकी झटपट चालते आणि एकाच माणसाचे तीन पत्ते तीन कागदांवर राहत नाहीत. पण पाच-दहा वर्षांचं काही विचारायचं असेल, कुठून किती आले, केव्हा आले, का वाढले, तर त्याला दुसरी रचना लागते. तिला डेटा वेअरहाउस म्हणतात, मी आपलं कोठार म्हणायचो. कोठारात काही पुसायचं नसतं. माणसानं पत्ता बदलला तर जुनी ओळ तशीच ठेवायची, तिच्यापुढं केव्हापासून आणि केव्हापर्यंत अशा दोन तारखा घालायच्या, आणि खाली नवी ओळ जोडायची. ओळी दुप्पट झाल्या तरी चालतं. खिडकीवर जो दोष मानतात तोच कोठारात गुण असतो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी लोकांना शिकवायचो. कोठार मी अगदी रीतसर बांधलं होतं, दोन्ही तारखांच्या रकान्यांसकट. फक्त त्यात जे धान्य ओतलं ते खिडकीवरच्या पाटीवरून आणलेलं होतं, आणि पाटी नऊ वर्षं पुसली जात होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चार महिने मी हे पाहिलं नाही आणि एका झेरॉक्स काढून आणणाऱ्या बाईनं दहा मिनिटांत पाहिलं.

"जुने पत्ते कुठं तरी असतील नं?" कांताबाईंनी विचारलं.

"नव्वद दिवसांचे आहेत. त्याआधीचे आपोआप पुसले जातात."

"कोन पुसतं?"

"मीच तशी सोय केली होती. खिडकी मंद होऊ नये म्हणून."

त्यांनी हातातली अकरावी प्रत टेबलावर ठेवली. मलाच आठवलं. नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत मी खिडकीवरच्या सगळ्यांना शिकवत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून याच बाईंनी विचारलं होतं की साहेब, जुना पत्ता कुठी ठेवू. आणि मी हसून म्हणालो होतो, जुना पत्ता काय करायचा, तुम्ही पोस्टात आहात का? सगळे हसले होते. पत्ता आजचाच पाहिजे, रुग्णवाहिका गेली तर घर सापडलं पाहिजे, हे मी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. त्यानंतर सबंध रुग्णालयात पत्ते सगळ्यात चोख ठेवले ते कांताबाईंनी. दुसऱ्या खिडकीवरचे कंटाळा करायचे, म्हणूनच तर त्रेचाळीस रुग्ण अजून खेड्यांच्या नावावर उरले होते.

मी प्रती उचलून कपाटात टाकल्या आणि कोरे कागद घेतले.

"चला," मी म्हणालो. "सगळ्यांना विचारू."

दोनशे चाळीसांपैकी एकशे अठरा जण जिवंत होते. डायलिसिसच्या खोलीत एका पाळीला बारा माणसं झोपलेली असत. आम्ही दोघं खाटेखाट फिरलो. कांताबाई विचारायच्या आणि मी लिहून घ्यायचो. मी विचारलं असतं तर लोकांनी रेशन कार्ड काढलं असतं.

सुखदेव डाबेराव तिसऱ्या खाटेवर होता. हाताला दोन नळ्या, डोळे मिटलेले. पायाशी त्याची बायको पंचफुलाबाई बसली होती आणि वर्तमानपत्राच्या घडीनं त्याला वारा घालत होती.

"कोणत्या सालापर्यंत बोरसरला होते तुम्ही?" कांताबाईंनी विचारलं.

"दोन वर्षं झाले याले," पंचफुलाबाई म्हणाली. "तुम्हीच तर पत्ता बदलून देला, बाई."

"हो नं. मीच."

"काहून विचारून राहिले? खोली खाली करा लागते काय?"

"नाही, नाही. सांगवी फाट्यावर मशीन बसवायचं चालू आहे. किती लोक तिकडले आहेत ते पाहून राहिले साहेब."

सुखदेवनं डोळे उघडले. "सांगवी फाट्यावर?"

"अजून ठरलं नाही," मी घाईनं म्हणालो.

"फाट्यावर झालं तर सायकलनं जातो मी," तो म्हणाला. "सहा किलोमीटर तर आहे. बायको घरी राहीन. बुढ्या मायपाशी पोरी आहेत दोन, दोन वर्षांपासून."

"सायकल म्हणे," पंचफुलाबाई म्हणाली. "जिना चढता येत नाही अन् सायकल चालवते. मीच डबल सीट आणीन तुले."

तो हसला. मशीनचा आवाज एकसुरी चालू होता. मी वहीत लिहिलं, बोरसर, जन्मापासून ते दोन वर्षांपूर्वीच्या जूनपर्यंत. ही असली ओळ लिहिताना मला इतकं थकल्यासारखं का वाटतंय ते मला कळेना. दोन तारखांच्या मधे माणसाचं घर, शेजार, दोन मुली सगळं जायचं, आणि मी नऊ वर्षं ते एका बटणानं घालवत होतो. मला स्वतःची लाज वाटली, सरळ सांगतो.

दुपारी आम्ही मागच्या गल्लीत गेलो. रुग्णालयाच्या भिंतीला लागून पत्र्याच्या बत्तीस खोल्या होत्या. बाहेर प्रत्येकाची चूल, प्रत्येकाचा माठ, आणि माठावर मोजून घेतलेला एक पेला, कारण या आजारात पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. अकोल्याच्या उन्हात दिवसाला तीन पेले. त्या गल्लीत मी नऊ वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. तिथं बोरसर, आणि त्याच्या शेजारची सात-आठ गावं अशी एकेक पडवी मांडून बसली होती. लोक एकमेकांना गावाच्याच नात्यानं हाका मारत होते.

संध्याकाळपर्यंत शहाण्णव जणांना विचारून झालं. त्यातले एकसष्ट सांगवी फाट्याच्या आसपासचे निघाले. एकट्या बोरसरचे सतरा.

"सतरा," मी म्हणालो. "आणि माझ्या अहवालात शून्य."

"गेलेले धरले नाही तुम्ही," कांताबाई म्हणाल्या.

"गेलेल्यांना कसं विचारणार?"

"मले इचारा नं."

गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर बसून त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. नाव, गाव, कोणत्या महिन्यात खोली घेतली, कोणत्या महिन्यात गेला. मधे कुठंही अडखळल्या नाहीत. मी लिहीत होतो आणि चहा निवत होता. चौतीस नावं झाल्यावर त्या थांबल्या.

"एवढेच?"

"पक्के आठवतात असे एवढेच," त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसून उठल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी विश्वस्तांसमोर उभा राहिलो. अकरा माणसं होती, पण बोलायचे ते डॉक्टर पारस्करच. किडनीचे डॉक्टर, साठीला आलेले, तीस वर्षं तेच आजारी चेहरे पाहून डोळ्यांखाली काळं पडलेले. मी म्हणालो की माझा अहवाल धरून जागा ठरवू नका, तो चुकला आहे.

"इंगोले," ते म्हणाले, "काल सकाळपर्यंत तुमच्या लेखी तो पक्का होता. आज तुम्हीच खोटा म्हणता?"

"खोटा नाही, साहेब. ही माणसं आज अकोल्यातच राहतात. पण आजारी पडली ती अकोल्यात नाहीत. आजारी पडली म्हणून अकोल्यात आली. पत्ता बदलला की जुना जाईल अशी रचना मीच केली होती."

कुणीतरी खोकललं. एक विश्वस्त म्हणाले की म्हणजे संगणकापेक्षा आमची जुनी रजिस्टरंच बरी होती, खोडलेलं निदान दिसायचं तरी. मी होकार दिला. दुसरं काय करणार? करायला गेलो गणपती आणि झालं माकड.

पारस्करांनी माझ्या वहीची पानं उलटली. "जिवंत लोकांचं ठीक आहे, ते सह्या देतील. या चौतीस जणांचं काय? हे कुणी सांगितलं?"

"ताथोडबाईंनी. आठवणीतून."

"आठवण मी मांडणार कशी?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "सांगवी फाट्याला यंत्रं न्यायची म्हणजे तिथं तंत्रज्ञ लागेल, शुद्ध पाण्याची सोय लागेल, दर आठवड्याला मी जायचं. देणगीदार मला विचारेल, कशावरून? आजाराचं मूळ त्या भागात आहे हे दाखवायला गेलेले लोकही लागतील. पंधरा दिवस देतो. प्रत्येकाच्या नातेवाइकाची सही आणा, दोन्ही तारखांसकट. आणि एक सांगतो. त्यातली एक जरी नोंद चुकीची निघाली, तरी सगळी वही बाद होईल. मग मला काही करता येणार नाही."

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. सकाळी खिडकीची रचना बदलायची, म्हणजे पुढचा पत्ता तरी पुसला जाणार नाही, आणि दुपारी कांताबाई आणतील ते अर्ज कोठारात चढवायचे. त्यांनी रजा काढली होती. एस.टी.नं गावोगाव फिरत होत्या. रोज तीनच्या सुमाराला उन्हानं काळवंडून यायच्या, पिशवीतून अर्ज काढायच्या आणि माझ्यासमोर बसायच्या. मी वाचायचो, त्या हो म्हणायच्या. कुणाची विधवा, कुणाचा मुलगा, एका ठिकाणी नुसता अंगठा आणि शेजारी सरपंचाचा शिक्का. पत्ता बोरसर. पासून, जन्मतारीख. पर्यंत, खोली घेतल्याची तारीख. मग दुसरी ओळ, रुग्णालयामागची खोली. तिथं पासून आणि पर्यंत यांच्यात कुठं चौदा महिने असायचे, कुठं पाच.

"मधली ओळ नेहमी लहानच असते नं," एकदा त्या म्हणाल्या. मी टाइप करत राहिलो.

पंधराव्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटचा अर्ज समोर ठेवला. देविदास अरबट, मुक्काम बोरसर, वय एकोणचाळीस. बाकी सगळे अर्ज वेगवेगळ्या हातांनी भरलेले होते, हा खिडकीवरच्या वळणदार अक्षरात होता. आणि खाली नातेवाइकाच्या जागी सही होती, कांता ताथोड, बहीण.

मी वर पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"तुमचं माहेर बोरसर?"

"हो."

"पंधरा दिवसांत सांगितलं नाहीत."

"सांगतलं असतं तर माहेरासाठी करून राहिली म्हणाले असते लोक. मंग बाकीच्यांच्या सह्यांवर कोन भरोसा ठेवला असता?"

हे खरंच होतं. मी अर्ज पुढं ओढला. जन्मतारीख होती. 'पर्यंत'चा रकाना कोरा होता.

"बाई, ही तारीख राहिली."

"राहिली नाही. साहेब, ते जागा खाली ठेवली तर काय अर्थ होते कोठारात? तुम्ही सांगतलं होतं मले पहिल्या दिवशी."

"तो माणूस अजून तिथंच राहतो, असा होतो."

"मंग खाली राहू द्या."

मी पेन खाली ठेवलं. दाराबाहेर शिपाई पाण्याचे जग नेत होता. अकराला पारस्कर ही वही मागणार होते, आणि एक नोंद चुकली तर सगळी बाद, हे त्यांनी दहाजणांसमोर सांगितलं होतं. एकसष्ट जिवंत माणसं त्या वहीवर टांगलेली होती.

"असं करता येत नाही हो," मी म्हणालो. "देविदास गेलेत."

"गेला तो अकोल्यात गेला. खोलीत. बोरसरातून तो काई गेला नव्हता." त्यांचा आवाज नेहमीसारखाच खालच्या पट्टीत होता, आणि म्हणून ऐकवत नव्हता. "माझ्या खिडकीवर उभा होता साहेब. पाय सुजले होते. म्हणे, ताई, आता खोलीचाच पत्ता लिहून टाक, गाडी पाठवतील तर सापडीन. मी म्हटलं, राहू दे नं, दोन महिन्यांत बरा होऊन घरी जाशील. तर म्हणे, नाही, साहेबांचा नियम आहे, तूच सांगत असते सगळ्याईले. मंग मी बोरसर खोडलं. या हातानं. त्याच्यासमोर. तो पाहून राहिला होता, अन् स्क्रीनवरून गाव गेलं, तवा म्हणे, गेलं काय ताई?"

त्या रडल्या नाहीत. मीच चष्मा काढून पुसला.

"गाव खोडल्याची तारीख मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "एकोणीस ऑगस्ट, पावणेबारा. तुमाले लागत असन तर लिहून देते. बाकीच्यांच्या मी सगळ्या लिहून देल्या. याची नका लिहू म्हणते, एवढंच."

त्या उठून खिडकीवर गेल्या, रजा त्या दिवशी संपत होती. मी अर्ज घेऊन बसलो. तारीख टाइप केली, एकोणीस ऑगस्ट. मग बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. माझ्या सव्वीस वर्षांच्या कामात मी जाणूनबुजून एकही चुकीची नोंद केली नव्हती, ह्याचा मला माज होता म्हणा ना. तो माज त्या खोडलेल्या गावांच्या काय कामाचा होता? मी तारीख काढून टाकली आणि रकाना कोरा ठेवून नोंद पक्की केली.

अकराला विश्वस्तांसमोर पारस्करांनी वही घेतली. चौतीस अर्ज एकेक करून संगणकाशी ताडून पाहिले. मी समोर उभा होतो, पाय दुखत होते. चौतिसाव्यापाशी ते थांबले.

"इंगोले, याची शेवटची तारीख राहिली."

"राहिली नाही, साहेब."

त्यांनी अर्ज जवळ घेतला. खालची सही वाचली. ते उठून दारापर्यंत गेले आणि तिथून नोंदणीच्या खिडकीकडे पाहून आले. खिडकीवर गर्दी होती, कांताबाई कुणाला तरी नाव विचारत होत्या. पारस्कर परत खुर्चीत बसले. देविदास अरबटला डायलिसिसवर त्यांनीच घातलं असणार.

"सतरा वर्षं मी या बाईच्या समोरून रोज जातो," ते म्हणाले. मग अर्ज बाकीच्यांच्या खाली सरकवला, वही मिटली आणि विश्वस्तांना म्हणाले, "नोंदी मी तपासल्या आहेत. बरोबर आहेत."

दहापैकी सहा यंत्रं सांगवी फाट्याला गेली. पुढच्या मार्चपासून ती चालू झाली आणि मागच्या गल्लीतल्या एकोणीस खोल्या रिकाम्या झाल्या. पंचफुलाबाईनं सुखदेवला खरंच डबल सीट नेलं म्हणे, सायकलवर नाही, दिराच्या मोटारसायकलवर. तो पुढं पाच वर्षं जगला. कांताबाई निवृत्त होऊन माहेरीच राहायला गेल्या.

त्याला आता चौदा वर्षं झाली. मीही काम सोडलं आहे, पण अधूनमधून एखाद्या एप्रिलमध्ये रुग्णालयातून फोन येतो. कोठार सांभाळणारं माणूस दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, आणि नवीन माणूस हुशार असला की त्याला ते सापडतंच. यंदा एका मुलीचा आला होता. सायली नावाची, आवाजावरून नेटकी वाटली.

"सर, एक शंका होती. देविदास अरबट म्हणून रुग्ण आहे, मृत्यूची नोंद आहे. पण पत्त्याच्या ओळीत शेवटची तारीखच नाही. म्हणजे आपल्या हिशेबानं तो अजून बोरसरलाच राहतो. दुरुस्त करून टाकू ना?"

"नको," मी म्हणालो.

"पण सर, ही चूकच आहे ना?"

"चूक आहे. पण माझी आहे, मला माहीत आहे. त्याला तिथंच राहू दे."